पुढचं स्टेशन सीताबर्डी

दादू कूलरचा प्लग ओढायचा. दिवसातून चार-पाच वेळा. एप्रिलच्या नागपुरात, पारा ४४ ला टेकलेला असताना, नऊ मुलांच्या वर्गातला कूलर बंद पडला की काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून मी त्याचा हात धरायचे, खुर्चीवर आणून बसवायचे आणि म्हणायचे, "हात खाली." तो उठायचा, मी पुन्हा धरायचे. एका दुपारी त्याने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. वर्गशिक्षिका मॅडमनी मलम दिलं, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि विचारलं, "तुम्ही तेव्हा काय करत होता?"

दादू हे त्याचं खरं नाव नाही. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, ऑटिस्टिक, म्हणजे आवाज, स्पर्श, माणसांचं बोलणं ज्याचा मेंदू वेगळ्या तऱ्हेने घेतो असा. त्या दिवशी मी स्टोअररूममध्ये सतरंज्यांच्या ढिगावर बसून रडले. हात दुखत होताच, पण तो प्रश्न जास्त लागला. मी काय करत होते? मला जे सांगितलं होतं तेच करत होते.

मी मानेवाड्याला राहते, बारावीपर्यंत शिकले आहे. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा शेजारच्या काकूंनी सांगितलं की विशेष मुलांच्या एका शाळेत मदतनीस पाहिजे. मुलाखतीत एकच प्रश्न आला: "मुलांची शी-शू काढायची तयारी आहे का?" आहे म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी कामावर. वर्गात पाय ठेवल्यावर पहिली सूचना मिळाली, "या मुलाला बसवून ठेवा." पाच वर्षं मी तेच केलं. मुलांना बसवून ठेवलं.

विशेष शिक्षकांचं तसं नसतं. त्यांना विशेष शिक्षणाची पदविका किंवा पदवी लागते, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं आणि ती नोंदणी टिकवायला मधूनमधून प्रशिक्षणं करावी लागतात. त्या परिषदेचा कायदा १९९२ चा आहे, म्हणजे या गोष्टीला तीसहून जास्त वर्षं झाली. माझ्या नोकरीला यातलं काहीच लागलं नाही. आणि दिवसभर मुलाला चिकटून कोण असतं? मॅडमच्या मागे नऊ मुलं, त्यांचे पालक, फायलींचा ढीग. डबा भरवायला, चड्डी बदलायला, जिना उतरवायला आम्हीच. मुलाला काय सहन होत नाही ते सगळ्यात आधी आमच्या अंगावर येतं.

मी जे शिकले ते जुन्या मावशींकडे पाहून. मूल हात हलवतंय, "हात खाली" म्हणा. नजर देत नाही, हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवा. ऐकलं तर चिप्सचा तुकडा द्या, नाही ऐकलं तर डबा समोरून उचला. वाईट मनाने कोणीच करत नव्हतं. या बायकांनी स्वतःच्या हाताने शेकडो मुलांना भरवलंय. पण मी ज्या मुलांच्या हनुवट्या धरल्या त्यांचे चेहरे मला आता आठवतात, आणि ते आठवतच राहायला पाहिजेत असं मला वाटतं.

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. त्या वर्षी शाळा उघडायच्या आधी पाच दिवस आम्हा सातजणींना बोलावलं. प्रशिक्षण म्हटल्यावर आम्ही समजलो, कोणीतरी येईल, स्क्रीनवर चित्रं दाखवेल, शेवटी समोसा आणि सर्टिफिकेट. घेणाऱ्या ताई ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मुलांना मदत करणाऱ्या, नागपुरातच काम करणाऱ्या. आम्ही सवयीने भिंतीकडेला सतरंजीवर बसलो. त्यांनी शिक्षकांच्या खुर्च्या ओढून गोल लावल्या आणि म्हणाल्या, "इथे बसा. मला खाली बघून बोलता येत नाही."

ओळखी सुरू झाल्या. "मी पहिल्या वर्गाची मावशी." "मी प्री-प्रायमरीची मावशी." ताईंनी थांबवलं. "नाव सांगा ना." सातजणींपैकी दोघींचं खरं नाव मला त्या दिवशी कळलं, पाच वर्षं एकत्र डबा खाऊन.

मग त्यांनी विचारलं, शेवटचं कधी लागलं, कोणी मारलं, कोणी चावलं, केस ओढले? सगळ्यांकडे काही ना काही होतं. मी मनगट दाखवलं, पांढरट वण उरला होता. पुढचा प्रश्न होता, "त्यानंतर तुम्हाला पाणी कोणी दिलं?"

कोणीच बोललं नाही. आमच्यातल्या सगळ्यात वडील ताई, ज्यांना वीस वर्षं झाली या कामाला, त्या पदराने डोळे पुसायला लागल्या. पहिल्या दिवशी ऑटिझमबद्दल फारसं काही झालंच नाही. तेव्हा मला तो दिवस वाया गेला असं वाटलं होतं. आता उलट वाटतं. तो दिवस झाला नसता तर बाकीचे चार डोक्यात शिरले नसते.

दुसऱ्या दिवशी त्या बोलत होत्या, आम्ही ऐकत होतो, कोपऱ्यात मोठा लोखंडी कूलर धडधडत होता. मध्येच त्या उठल्या आणि त्यांनी कूलर बंद केला. पंखा फिरून थांबला, पंपाचं पाणी थांबलं. आम्हा सातजणींच्या तोंडून एकदमच सुस्कारा निघाला आणि खांदे खाली आले. तासभर तो आवाज आमच्या कानावर आदळत होता आणि तो गेल्यावर कळलं की होता.

ताई म्हणाल्या, तुमचा मेंदू पाच-दहा मिनिटांत हा आवाज मागे ढकलतो. अनेक ऑटिस्टिक मुलांचा ढकलत नाही. त्यांना कूलर, ट्यूबलाइटची गुणगुण, बाहेरचा ट्रॅक्टर, तुमच्या बांगड्या आणि तुमचं बोलणं सगळं एकाच अंतरावरून ऐकू येऊ शकतं. काहींचं उलटं असतं, त्यांना जास्त आवाज, जास्त दाब, जास्त हालचाल हवी असते. एकाच मुलात दोन्हीही असू शकतं. मानसिक निदानाच्या ज्या अमेरिकन पुस्तिकेचा आधार जगभरचे डॉक्टर घेतात, तिच्या २०१३ च्या आवृत्तीत ऑटिझमच्या निकषांमध्ये संवेदनांमधला हा फरक आला. तिच्या लगेच आधीच्या आवृत्तीत तो निकषांत नव्हता. मुलं मात्र तेव्हाही कान दाबून बसत होती.

माझ्या डोळ्यांसमोर प्लग आला. शेजारची ताई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तुझा दादू सांगून राह्यला होता वं तुले."

तिसऱ्या दिवशी ताईंसोबत एक तरुण आला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, स्वतः ऑटिस्टिक. एका ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी संगणकावर चढवायचं काम करतो. खिडकीकडे पाठ करून बसला, बोटांत बाटलीचं झाकण फिरवत. बोलायचं ते मोबाइलवर लिहून आणलं होतं, तेच वाचलं. त्यातलं पहिलं वाक्य असं: "मला ऑटिझमग्रस्त म्हणू नका." पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, कर्करोगग्रस्त, या रांगेत मला बसवू नका, मी ऑटिस्टिक आहे, जसा मी डावखुरा आहे, असं त्याने सांगितलं. वर्तमानपत्रात 'ग्रस्त' हा शब्द मी हजारदा वाचला असेल. त्या दिवसापासून तो मला टोचतो.

नजरेबद्दल तो म्हणाला, "डोळ्यांत पाहा म्हटलं की मी पाहतो. मग ऐकू येत नाही. दोन्ही एकदम होत नाही." आमच्यातल्या एकीने विचारलं, "मग लहानपणी तुम्हाला काय पाहिजे होतं?" तो गप्प झाला. एक मिनिट गेलं. आम्ही चुळबुळ करायला लागलो, एकजण त्याला उत्तर सुचवायला लागली, तेव्हा ताईंनी हात वर करून थांबवलं. बऱ्याच वेळाने त्याने सांगितलं, "बाजूला बसणारं कोणीतरी. समोर नाही."

ते वाक्य आणि त्याआधीची शांतता, दोन्ही मी रोज वापरते. प्रश्न विचारून झाला की मनात हळूहळू दहापर्यंत मोजते. आधी मी प्रश्न विचारायचे आणि उत्तर यायच्या आत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत विचारायचे. मुलाच्या डोक्यात पहिल्या प्रश्नाची जुळवाजुळव चालू असताना मी ती मोडून टाकत होते.

या सगळ्यामागचा विचार ताईंनी फार थोडक्यात सांगितला, आणि तेवढा पुरला. जैवविविधता म्हणतो ना, तशी मेंदूंचीही विविधता असते. ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्राच्या अभ्यासक ज्युडी सिंगर यांनी १९९८ साली आपल्या प्रबंधात 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द वापरला. पण विचार एकटीचा नव्हता, १९९० च्या दशकात ऑटिस्टिक माणसांच्या आपसातल्या चर्चांमधून तो वर आला. ताडोबात साग आहे तसा बांबूही आहे आणि मोहही. सागाला बांबू करायला कोणी जात नाही. मग डेमियन मिल्टन या ब्रिटनमधल्या, स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं त्यांनी सांगितलं. २०१२ साली त्याने मांडलं की 'यांना दुसऱ्याचं मन कळत नाही' ही अर्धीच बाजू झाली, दुसऱ्यांनाही यांचं मन कळत नाही. दरी दोन्हीकडून आहे. पुढे एडिनबरा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आपल्या कानगोष्टींसारखाच प्रयोग केला, २०२० मध्ये तो छापून आला. आठ-आठ माणसांच्या साखळ्या, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी सगळे ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. जास्त गळती झाली ती मिश्र साखळीत.

मी हात वर केला. माझ्या मनात खरी भीती होती. "मग मुलाले काहीच शिकवायचं नाही का? हात हलवू द्यायचे, नजर नाही दिली तरी चालते, टेबलाखाली बसला तरी चालते. उद्या याची आई नसली तर याचं कसं होईल?"

ताई म्हणाल्या, शिकवायचंच. संडासला जायचं आहे हे सांगणं, रस्ता ओलांडणं, भूक लागली हे ओळखणं, अंगाला कोणी हात लावला तर नाही म्हणणं, हे सगळं शिकवायचं, आणि जीव तोडून शिकवायचं. पण शिकवायच्या आधी एकदा स्वतःला विचारायचं, हे मुलाच्या उपयोगाचं आहे की बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून? हात हलवणं थांबवून मुलाला काय मिळतं? बहुतेक वेळा तो त्या हातांनीच स्वतःला सावरत असतो. आणि जे मूल वर्षानुवर्षं मोठ्यांचं मुकाट ऐकायला शिकलं, ते वाईट माणसाचंही मुकाट ऐकेल. हे शेवटचं ऐकलं तेव्हा खोलीत कोणी हललं नाही. आम्ही मुलींच्या आया आहोत.

आता मेट्रोचं सांगते, ते मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

दादू शब्द वापरून संवाद साधत नाही, असं त्याच्या फायलीत लिहिलेलं होतं. तो बोलायचा, पण मेट्रोच्या घोषणा. त्याचे वडील दर रविवारी त्याला मेट्रोत फिरवून आणतात, लोकमान्य नगर ते प्रजापती नगर आणि परत. सुभाष नगर, धरमपेठ कॉलेज, एलएडी चौक, शंकर नगर, सगळी स्टेशनं ओळीने पाठ, आवाजाच्या चढउतारासकट. वर्गात मध्येच तो म्हणायचा, "पुढचं स्टेशन सीताबर्डी." आम्ही म्हणायचो, "दादू, आत्ता मेट्रो नाही, आत्ता मणी ओवायचे." म्हणजे त्याचं बोलणं आम्ही कचऱ्यासारखं बाजूला सारायचो.

प्रशिक्षणात कळलं की ऐकलेलं जसंच्या तसं परत बोलणं, ज्याला इकोलालिया म्हणतात, ते निरर्थक असतंच असं नाही. बॅरी प्रिझंट या अमेरिकन भाषातज्ज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं की अशा बोलण्यातून मुलं मागतात, नकार देतात, आपली पाळी आल्याचं सांगतात, स्वतःला शांत करतात. चाळीस वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आमच्या वर्गापर्यंत यायला एवढा वेळ लागला. ताईंनी आम्हाला एक काम दिलं: शाळा सुरू झाली की एक मूल निवडा, एक वही घ्या, आणि महिनाभर त्याचं नेहमीचं वाक्य कधी येतं ते लिहा. वेळ, जागा, आधी काय झालं, नंतर काय झालं. मत लिहायचं नाही. 'हट्ट केला' असं लिहायचं नाही, 'खुर्चीवरून उठून दाराकडे गेला' असं लिहायचं.

मी दोनशे पानी वही घेतली. तिसऱ्या आठवड्यात रात्री भाकरी झाल्यावर वही उघडून बसले आणि अंगावर काटा आला. 'सीताबर्डी' कधी यायचं? मणी ओवून पंधरा मिनिटं झाल्यावर. चित्र रंगवताना हात रंगाने चिकट झाल्यावर. प्रार्थनेला ओळीत फार वेळ उभं राहिल्यावर. सीताबर्डीला काय होतं? तिथे ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही मार्गिका भेटतात, तिथे गाडी बदलतात. पोरगा सांगत होता, मला बदल हवाय. आणि 'प्रजापती नगर' यायचं ते डबा अर्धा उरलेला असताना, किंवा काम संपलेलं असताना. शेवटचं स्टेशन. झालं, आता पुरे.

दुसऱ्या दिवशी मणी ओवताना त्याने "पुढचं स्टेशन सीताबर्डी" म्हटलं. मी म्हटलं, "हो, गाडी बदलू," आणि मण्यांचा डबा बाजूला ठेवून त्याला झोपाळ्याकडे घेऊन गेले. तो थांबला. माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझी ओढणी हातात घेतली आणि झोपाळ्यापर्यंत सोडली नाही. त्याच्या आईला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की प्रशिक्षण झालं आणि सगळं बदललं. तसं झालं नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यातच ऐकू आलं, "मावश्या आता मुलांचे फाजील लाड करायला लागल्या." पुढे शाळेत पाहुणे यायचे होते. दादू टेबलाखाली जाऊन बसला होता. नवीन माणसं, अत्तरांचा वास, कॅमेरा. मला माहीत होतं तो तिथे का बसलाय. मला सांगण्यात आलं, पाच मिनिटांत बाहेर काढा, बरं दिसत नाही. मी काढलं. दोन्ही काखांत हात घालून ओढून काढलं. तो किंचाळला, डोकं फरशीवर आपटायला लागला, आणि मी त्याला धरून ठेवलं, जसं पाच वर्षं धरत आले होते. आधी मला माहीत नव्हतं म्हणून करत होते. त्या दिवशी मी समजून-उमजून केलं.

शुक्रवारच्या बैठकीत मी हे सांगितलं. प्रशिक्षणानंतर दर पंधरा दिवसांनी ताई आम्हा सातजणींसोबत ही बैठक घ्यायच्या, आणि तिचा नियम होता की कोणी कोणाला दोष द्यायचा नाही आणि सल्ला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. मी म्हटलं, "मला येतं, पण मला करता येत नाही. माझ्या हातात काहीच नाही." ताईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि बाकीच्यांना विचारलं, कोणाकोणाला असं वाटतं? सहा हात वर गेले.

मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं ते हेच. मुलाला शांत करायचं तर आधी आपण शांत पाहिजे, हे प्रत्येक पुस्तकात असेल. पण आठ तास उभी असलेली, लघवीला जायलाही बदली न मिळणारी, एक शब्द चुकला तर बोलणी खाणारी बाई शांत कशाच्या जोरावर राहील? आमचं प्रशिक्षण टिकलं याचं कारण त्या शुक्रवारनंतर ताई मुख्याध्यापकांशी जाऊन बोलल्या, आणि त्यांनी ऐकलं. त्यांचं श्रेय मी त्यांना मनापासून देते. ठरलं असं की मुलाचा बांध फुटला, म्हणजे मेल्टडाऊन झालं, तर तिथे असलेल्या मदतनीसाचं म्हणणं त्या वेळेपुरतं शेवटचं, पाहुणे असोत नाहीतर कोणीही. असं काही घडून गेलं की दहा मिनिटांची बदली, न मागता. आणि मुलांचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा ठरवायच्या बैठकीत मदतनीसही बसणार.

त्या बैठकीला मी ऑगस्टमध्ये पहिल्यांदा बसले. स्पीच थेरपिस्ट, मॅडम, दादूचे आईवडील आणि मी. वही घेऊन गेले होते, हात थरथरत होते. सीताबर्डीचं सांगितलं. स्पीच थेरपिस्टनी तिथल्या तिथे त्याच्या चित्रांच्या तक्त्यावर मेट्रोची दोन चित्रं घालायचं ठरवलं, एक बदलायचं आणि एक संपल्याचं. आईच्या मोबाइलवर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप टाकून दिलं, चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं. तोंडाने बोलायची सक्ती नाही, घोषणा बंद करायची सक्ती नाही. जी वाट त्याला सापडेल ती त्याची.

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली. चावणं, ओरबाडणं यातलं बरंचसं अकरा चाळीस ते बाराच्या आत होत होतं. तेव्हा घंटा वाजते, चारही वर्ग एकदम हात धुवायला जातात, नळांखाली स्टीलची ताटं आदळतात, आणि सिमेंटच्या त्या बोळात सगळं घुमतं. आम्ही दादूला घंटेच्या पाच मिनिटं आधी हात धुवायला न्यायला लागलो. एवढंच. महिनाभरात माझ्या वहीतल्या चावण्या-ओरबाडण्याच्या लाल खुणा बोटावर मोजण्याइतक्या उरल्या. त्याच्या वागणुकीवर वर्षभर किती कागद भरले होते, आणि उपाय पाच मिनिटांचा निघाला.

कूलरसाठी दादूच्या वडिलांनी इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून कारखान्यात कामगार घालतात ते कान झाकायचे मफ आणले. दादूची जागा कूलरपासून लांब, दाराजवळ केली. तरी तो मधूनमधून प्लगजवळ जातो. मग आम्ही दहा मिनिटं कूलर बंद करतो, सगळ्यांच्या मानेवर ओला रुमाल ठेवतो. बाकीच्या मुलांना ते आवडायला लागलंय.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. बाहेरच्यांसाठी सांगते, मारबत म्हणजे बाईचा मोठा पुतळा, एक काळी आणि एक पिवळी, सोबत बडग्यांचे पुतळे, ढोल-ताशे, इतवारीत उसळलेली गर्दी, आणि सगळे ओरडतात, "इडा पीडा घेऊन जाय गे मारबत!" रोगराई, महागाई, जे नको ते तिच्यासोबत गावाबाहेर धाडायचं. माझं माहेर नागपूरच्या महाल भागातलं, मी लहानपणापासून ओरडत आले आहे. त्या वर्षी मारबतीनंतर दादूची आई शाळेत आली, डोळे सुजलेले. घराच्या गच्चीवरून मिरवणूक बघताना नात्यातल्या एक बाई दादूच्या डोक्यावरून हात फिरवून मोठ्याने म्हणाल्या होत्या, "याच्या डोक्यातलं ते सारं घेऊन जाय गे मारबत!" सगळ्यांनी साथ दिली. दादू कानाला मफ लावून कोपऱ्यात होता. आई म्हणाली, "ताई, त्यांनी आशीर्वादच देला ना? मग मले काऊन एवढं लागलं?"

मी तिच्या बाजूला बसले. समोर नाही. म्हटलं, त्याच्या डोक्यातलं सारं नेलं तर सीताबर्डी पण जाईल ना. कावळ्यासारखी नजर, एकदा ऐकलं की जन्मभर लक्षात, तेही जाईल. तिने मान हलवली. मग आम्ही मारबतीसोबत काय काय धाडता येईल ते बोललो: लग्नाकार्यात त्याला आत खोलीत ठेवा म्हणणारे, दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या चकरा, ऑटोत बसल्यावर मागे वळून वळून पाहणारे. ऑटिझम त्या यादीत ठेवायचा नाही, असं तिनेच म्हटलं.

सगळ्या पालकांना हे पटत नाही, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. एका मुलाचे वडील मला म्हणाले, "शाळेत हात हलवू द्याल, पण बाहेर लोक हसतात तेव्हा तुम्ही नसता." त्यांच्या मुलाला त्यांनीच सांभाळायचं आहे. कायद्याने पाहिलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझमला स्वतंत्र जागा दिली, आधीच्या सात प्रकारांचे एकवीस केले. पण सिटी बसमध्ये हसणाऱ्या माणसासमोर कायदा उभा राहत नाही. मी त्या वडिलांना एवढंच म्हटलं, निदान शाळेत तरी त्याला दिवसभर सावध राहावं लागू नये. ते गेले. पुढच्या महिन्यात परत आले बोलायला.

पगार वाढला नाही. आमच्यातली सगळ्यात हुशार मुलगी दिवाळीनंतर मॉलमधल्या दुकानात गेली, तिथे तीन हजार जास्त मिळतात. तिने सोडलेल्या मुलाने दोन आठवडे तिची खुर्ची कोणाला घेऊ दिली नाही. मदतनीस टिकली नाही तर मुलाचं काय जातं, हे मला तेव्हा दिसलं. पगाराचा विषय मी आराखड्याच्या बैठकीत काढला, पुढेही काढणार आहे.

शुक्रवारच्या बैठकीत एकदा वडील ताई म्हणाल्या, त्यांना लहानपणी घरात भिंगरी म्हणायचे, एका जागी बसवत नसे, शाळेत रोज मार. "मी बी अशीच असन का वं?" ट्रेनर ताई म्हणाल्या, असू शकता. त्या बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या. आता वर्गात सगळ्यात चळवळ्या पोराला त्या घेतात, आणि दोघं मिळून मैदानाला फेऱ्या मारतात.

जूनमध्ये दादू पुढच्या वर्गात जाईल, त्याला दुसरी मदतनीस असेल. तिच्यासाठी मी सध्या नवीन वही लिहिते आहे. बाजूला बसा. प्रश्न विचारून दहा मोजा. हात धुवायला पाच मिनिटं आधी. डोळ्यांवर ऊन आलं तर स्वतः जागा बदलतो, बदलू द्या. सीताबर्डी म्हणजे बदल, प्रजापती नगर म्हणजे पुरे. झाशी राणी चौक तो कधी म्हणतो ते मला अजून कळलेलं नाही. आतापर्यंत अकरा वेळा लिहिलंय, त्यातल्या सात वेळा पाऊस होता. तुम्ही पुढे लिहा. मागची चाळीस पानं कोरी ठेवली आहेत.